अण्णा आणि अडीचशे लिटर समुद्र

कंटाळा आला की साधी माणसं आडवी होतात. आमच्या अण्णांना तत्त्व सुचतं. पावसाळ्याआधी घर शेकारायचं राहून गेलं, त्या वर्षी त्यांनी आळीला कौलांच्या फटींतून खेळणाऱ्या हवेचं महत्त्व सांगितलं. टोकावड्यात जन्मून माणूस नाणेघाट चढलेला नाही, कारण तिथला सातवाहनांचा शिलालेख म्हणे ‘गुहेतल्या अंधारात डोळे फोडण्यापेक्षा पुस्तकातल्या ठशावर नीट दिसतो’. यातलं काही खोटं नसतं, हीच पंचाईत आहे. अण्णांच्या कुठल्याही तत्त्वात निम्म्याहून जास्त तथ्य निघतं. नुसत्या आळशी माणसाला चार शब्द सुनावता येतात. अभ्यासू आळशाशी वाद घालायला बसलात तर संध्याकाळ तुमची जाते, त्याची नाही.

कल्याणहून माळशेजकडे निघालं, मुरबाड आणि सरळगाव मागे टाकलं की टोकावडे लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या धबधब्याखाली भिजायला आमच्यावरून जातात आणि संध्याकाळी ओल्या होऊन परत येतात. समुद्राशी गावाचा संबंध सुक्या बोंबलापुरता. अशा गावात, घराच्या ओटीवर, चार फुटी काचेच्या टाकीत अण्णांनी समुद्र पाळला आहे.

टाकी मूळची थोरल्या मुलाची. तो डोंबिवलीत भाड्याने राहतो. पाणी, काच, दगड आणि खालचा लोखंडी घोडा मिळून वजन किती होतं याचा हिशेब घरमालकाला कुणीतरी सांगितला, आणि त्या आठवड्यात टेम्पो टोकावड्याला आला. मुलाला वाटलं, बाबा निवृत्त आहेत, त्यांचा वेळ जाईल. शिवाय बाबांना पाण्यातलं कळतं. ते तर खरंच होतं. अण्णांची सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात झाली. भातसेचं पाणी पिशाला उचलायचं, पांजरापूरला तुरटी घालून निवळायचं, वाळूच्या थरातून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि मुंबईला पाठवायचं. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि शहापूरचंच पाणी मुंबईकर पितात, यावर अण्णा तासभर बोलू शकतात. पण तो वेगळा तास आहे. सांगायचं ते हे की पाण्याचा गढूळपणा ते ‘एनटीयू’मध्ये बोलतात. चहा समोर आला तरी आधी कप उजेडाकडे धरतात.

टाकीतला समुद्र घरीच कालवावा लागतो. एका लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो. खायचं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकी क्षार ठरल्या प्रमाणात असलेलं खास मीठ कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून बादलीभर आणायचं. पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं, तेही आरओचं. आरओचं यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर टाकून देतं. एप्रिलमध्ये हे टाकलेलं पाणी अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पिंपात साठवतात आणि त्यात भांडी घासतात. घरातल्या समुद्रापासून त्यांना झालेला हा एकमेव फायदा.

आता ज्या मोज्याची ही गोष्ट, त्याच्याकडे येऊ. टाकीचं पाणी काठावरच्या खाचांतून खालच्या दुसऱ्या टाकीत पडतं, तिला सम्प म्हणतात. पडताना ते एका पांढऱ्या, नमद्यासारख्या जाड कापडाच्या लांबट पिशवीतून जातं. हा फिल्टर सॉक, टोकावड्यात मोजा. त्याची छिद्रं दोनशे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचे तुकडे, सगळं त्यात अडकतं. पुढे स्किमर असतो. तो बारीक बुडबुड्यांनी पाणी घुसळतो आणि विरघळलेली घाण फेसावर चढवून वरच्या पेल्यात टाकतो, डाळ शिजताना आपण वरचा फेस काढतो तसं. मग पंप ते पाणी परत वर चढवतो. खरं शुद्धीकरण यातलं काहीच करत नाही. ते टाकीतल्या दगडांच्या भोकाभोकांत राहणारे जिवाणू करतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करून. म्हणूनच जगभरचे हौशी लोक मोजा ठेवावा की काढावा यावरून भांडत बसले आहेत. दोन्ही बाजूंचे पुरावे भरपूर आहेत. अण्णांसारख्याच्या हाती असा विषय लागणं म्हणजे उरलेल्या आयुष्याची सोय.

सुरुवातीला अण्णा कडवे गाळणवादी होते. “पाणी म्हटलं की गाळणं आलंच, गुरुजी. मुंबईला असं पाणी दिलं असतं तर मोर्चा आला असता.” टाकीच्या एका टोकाला ते पेपर धरायचे आणि दुसऱ्या टोकाकडून, चार फूट खाऱ्या पाण्यातून, आम्ही निधनवार्ता वाचून दाखवायच्या. मधून एखादा क्लाउनफिश जायचा तेव्हा वय कळायचं नाही, एवढंच. घाण कुजण्याआधीच पकडून बाहेर काढली तर तिचा अमोनिया होणारच नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मोजा दर दोन दिवसांनी बदलायचा, हे त्यांनी कार्डावर लिहून सम्पच्या दारावर चिकटवलं होतं: उलटा करावा, जोराच्या धारेखाली धुवावा, ब्लीचिंगच्या पातळ पाण्यात बुडवावा, पुन्हा धुवावा, कडक उन्हात वाळवावा, साबण अजिबात लावू नये. वाक्यांना कर्ता नव्हता. कर्ता दोरीपाशी दिसायचा. मोजे वहिनी धूत होत्या.

वहिनींनी हे काम काही महिने मुकाट्याने केलं. एकदा मात्र, इतके पांढरे कपडे धुऊन पिवळट दिसतात हे न बघवून, त्यांनी शेवटच्या पाण्यात नीळ घातली. त्या दिवशी टाकीला किंचित निळसर झाक आली. अण्णांनी ती सगळ्यांना बोलावून दाखवली. “खोल समुद्राचा रंग. आता टाकी मुरली.” दोन दिवस आम्ही तो खोल समुद्र पाहिला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी कपाटातून निळीची पुडी काढून अण्णांच्या चहाशेजारी ठेवली. मासे वाचले. अण्णांचं चारचौघांतलं बोलणं आठवडाभर थोडं कमी झालं.

गौरी-गणपती जवळ आले आणि गौरींच्या साड्यांना खारट, शेवाळी वास आला. मोजे धुवायच्या मशीनमध्ये गेले होते. कुणी घातले याची चौकशी झाली नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून तुमचे मोजे धुतले. ते तुमच्या पायाचे होते म्हणून. हे कुणाच्या पायाचे, ते सांगा. मी नाय धुणार यापुढे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्पमध्ये मोजा नव्हता आणि अण्णा निसर्गवादी झाले होते.

तयारी रात्रीत केलेली दिसत होती. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचा गृहस्थ होऊन गेला, त्याने १९६१ साली लिहून ठेवलंय की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर टाकी चालते. बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला स्किमरची जोड दिली, ती बर्लिन पद्धत. त्यात मोजा कुठे आहे? समुद्राला कुठे मोजा लावलाय? प्रवाळ हा प्राणी आहे, त्याला खायला लागतं. पाण्यात तरंगणारे बारीक कोपेपॉड आणि अळ्या हे त्याचं जेवण, आणि आपण ते दोनशे मायक्रॉनला अडवून उन्हात वाळवतो. “पाणी स्वच्छ असणं आणि पाणी उपाशी असणं यात फरक आहे, गुरुजी.” मग आवाज खाली आणून, जुन्या खात्याचं गुपित फोडावं तसं, “आणि मोज्यात घाण अडकते, मोजा कुठे असतो? पाण्यात. म्हणजे घाण कुठे असते? पाण्यातच. आमच्याकडे वाळू तुंबली की खालून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढायचो. बॅकवॉश. मोज्याला बॅकवॉश आहे का?”

हा शेवटचा मुद्दा मी घरी जाऊन तपासला आणि तो शंभर टक्के खरा आहे. मोजा वेळेवर बदलला नाही तर अडकलेलं सगळं तिथेच कुजतं आणि टाकीत नायट्रेट वाढवतं. पार तुंबला तर पाणी त्याच्या काठावरूनच जातं आणि मोजा नुसता बसून राहतो. यांत्रिक गाळणीची सगळी भानगड कापडात नाही, धुणाऱ्याच्या हातात आहे. हातच नसतील तर मोजा काढलेला बरा. अण्णा योग्य निर्णयाला आले होते. फक्त ज्या वाटेने आले ती वाट त्यांनी दाखवली नाही.

कायदासुद्धा त्यांच्या बाजूने उभा राहिला. दगडी प्रवाळ, म्हणजे जे खरोखर बेटं बांधतात ते, आणि काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे ही मंडळी २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या पंगतीला. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत वरळी-हाजीअलीच्या खडकांवर काही प्रवाळं सापडली, तर ती २०२० साली सांभाळून उचलून दुसऱ्या खडकांवर नेऊन लावावी लागली. म्हणून मुलाने टाकीत लावलेली सगळी मऊ जातीची: मश्रूम, लेदर, बटन पॉलिप. आणि या मऊ जातींना थोडं मळकट पाणीच मानवतं; अतिस्वच्छ पाण्यात त्या आखडतात. अण्णांनी हे वाचलं तेव्हा ते वर्तमानपत्रात निवडणुकीचा निकाल वाचल्यासारखे उठून उभे राहिले.

दिवाळीपर्यंत निधनवार्ता वाचेनाशा झाल्या. अण्णांनी पेपर धरणंच बंद केलं. दगडांच्या मागे करडा गाळ साठला, काचेवर हिरवा लेप चढला, नायट्रेट चाचणीच्या नळीत लालेलाल आलं. “धुकं दिसतंय ना? ते अन्न आहे.” मी म्हटलं, अण्णा, मोजा नको तर नको, पण मग तळाचा गाळ नळीने ओढून काढावा लागतो, दगडांवर पाण्याचा झोत मारून बसलेलं उडवावं लागतं; त्या जकार्तावाल्यानेही हात भिजवलेच असतील. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. बटन पॉलिपच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. बोटाला जखम असताना टाकीत हात घालू नये. त्यांनी बोट दाखवलं. बोटाला विळीची जखम होती. तीही खरी.

मुलगा पुढच्या वेळी आला तो डबा घेऊन. त्यात कापडाचा रोल, एक छोटी मोटर आणि पाण्याची उंची ओळखणारा सेन्सर. कापड मळलं की पाणी चढतं, सेन्सरला कळतं, मोटर रोल थोडा पुढे सरकवते आणि मळका भाग पाण्याबाहेर गुंडाळला जातो. घाण खरोखरच पाण्याबाहेर, बॅकवॉशची अट पुरी, धुणं नाही. त्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या, असं वहिनी म्हणाल्या. अण्णांनी ऐकलं नाही, कारण ते पुन्हा गाळणवादी झाले होते. आता शब्द होता ‘स्वयंचलित’. मोज्याचा प्रश्न हा मुळात गाळणीचा प्रश्न नव्हताच, तो श्रमप्रतिष्ठेचा होता, आणि यंत्राने माणसाला त्यातून सोडवलं, असं एक भाषण मी एसटीच्या थांब्यावर ऐकलं. एसटी उशिरा आली.

रोल मात्र संपतो. संपला की नवीन घालायला झाकण उघडून चार स्क्रू काढावे लागतात. पहिला रोल संपला आणि यंत्र तसंच राहिलं. कोरी नळी मधूनमधून फिरायची. ‘सध्या निरीक्षणाखाली आहे,’ असं उत्तर मिळायचं. मधल्या काळातल्या तत्त्वाचं नाव मला आठवत नाही. मिश्र काहीतरी होतं.

आणि मग मे महिन्यातली ती वळवाची रात्र. घाटाकडून वारा उठला, कुठेतरी झाड लाईनवर पडलं आणि टोकावड्याची वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की पंप, हा घरातला जुना तंटा त्या रात्री वहिनींनीच मिटवला. पंखा बंद केला. पण मध्यरात्रीपर्यंत इन्व्हर्टरही संपला. मोठे पंप थांबले की पाणी हलत नाही, हललं नाही की त्यात हवा मिसळत नाही, आणि उकाड्यात गरम झालेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागतात. मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, मगाने पाणी घ्या आणि उंचावरून परत टाकीत सोडा, वीज येईपर्यंत.

मी पहाटे त्यांच्या ओटीवर गेलो तेव्हा अण्णा स्टुलावर उभे होते. बनियन घामाने भिजलेलं, एका हातात प्लॅस्टिकचा मग. भरायचा, हात वर न्यायचा, सोडायचा. वहिनी विजेरी धरून बसल्या होत्या. अण्णांच्या बोटाला पट्टी होती, ती भिजून लोंबत होती. पॅलिटॉक्सिनची आठवण कुणी काढली नाही. मी म्हटलं, द्या जरा मी करतो. “नको. तुमचा हात लागायचा नाही, लय बिघडेल.” सकाळी उशिरा कधीतरी वीज आली. दोन्ही क्लाउनफिश वाचले. मश्रूम तर फुगून बसली होती, जणू काही झालंच नाही. रात्रभर त्या माणसाला एकही तत्त्व सुचलं नव्हतं. मला उगीच काळजी वाटली.

दुपारी झोपून उठल्यावर सुचलं. तोडगा असा की मोजा रोज नको, कायमचा बंदही नको. मुलगा रविवारी येतो. त्या दिवशी त्याने दगडांवर झोत मारून गाळ उडवायचा, उडालेला गाळ धरायला तेवढे काही तास मोजा लावायचा, संध्याकाळी मोजा काढून धुऊन वाळत घालायचा आणि डोंबिवलीची एसटी पकडायची. सहा दिवस प्रवाळांना जेवण, सातव्या दिवशी सफाई. गंमत अशी की हा तोडगा उत्तम आहे. मऊ प्रवाळांच्या टाकीसाठी कित्येक जाणते लोक नेमकं हेच करतात. नायट्रेट उतरलं, काच निवळली, आणि एका रविवारी संध्याकाळी अण्णांनी पुन्हा पेपर बाहेर काढला.

वहिनींनी मध्ये एक सूचना करून पाहिली. म्हशाच्या जत्रेतून आणलेलं जुनं घोंगडं पडून आहे, त्याचा तुकडा लावा, मळला की फेकून द्या, धुवायचं कारणच नाही. सूचनेत अक्कल होती. पण अण्णांनी ती शास्त्राच्या आधारे फेटाळली: लोकरीत तेलाचा अंश असतो, तेल पाण्यात उतरलं की स्किमरचा फेस बसतो. हेही खरंच आहे. घोंगडं थंडीत ते स्वतः पांघरतात, हेही.

या श्रावणात मुलाची बदली पुण्याला झाली. आता तो महिन्यातून एकदा येईल. बातमी कळल्यावर मी दोन दिवस अण्णांकडे गेलो नाही. नव्या तत्त्वाला जन्मायला वेळ द्यावा म्हणून. ते आपणच आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ओटीवर बसले, पाणी प्याले, पेला उजेडाकडे धरून पाहिला.

“गुरुजी, हे विहिरीचं ना?”

“हो.”

“टीसीएल कधी टाकलं होतं?”

“पावसाच्या सुरुवातीला. का?”

“नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मोज्याच्या कापडात चांगले जिवाणू वस्तीला आलेले असतात, ते क्लोरीनने मरतात. मी बरंच वाचलं यावर. मोजा धुवायचा तर अशाच पाण्यात.” पिशवी त्यांनी माझ्या बाजूला, पायरीच्या कडेला ठेवली. “तुमची शाळा सकाळची असते, नाही का?”